मोरबे नवी मुंबईचंच राहू द्या, एकच पाणी प्राधिकरण नको

नेरुळकर
रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. विषय होता गच्चीवरच्या टाकीचा. बोलता बोलता एका सदस्यांनी मांडलं की ठाणे, नवी मुंबई, भिवंडी, कल्याण, पनवेल या सगळ्यांचं पाणी एकाच प्राधिकरणाकडे सोपवावं, म्हणजे रोजची रड संपेल. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. माझा याला ठाम विरोध आहे. सभेत वेळ मिळाला नाही, म्हणून इथे लिहितो.

खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण आपल्या नवी मुंबई पालिकेने राज्याच्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. रोज ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं हे धरण नवी मुंबईकरांच्या पैशातून उभं आहे. धरण आपलं, भोकरपाड्याचं शुद्धीकरण केंद्र आपलं, तिथून येणारी जलवाहिनीही आपली. नळाला धार कमी आली तर कोणाच्या दारात जायचं हे मला माहीत आहे. प्राधिकरणाच्या दारात माझा नगरसेवक माझ्यासोबत येणार नाही, कारण तिथे त्याला कोणी विचारणारच नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा विषय नगरपालिकांसाठीच लिहून ठेवलाय, तो उगाच नाही.

न्यूझीलंडमध्ये हा प्रयोग झाला. तिथल्या लेबर सरकारने ६७ स्थानिक परिषदांकडचं पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि पावसाचं पाणी काढून चार मोठ्या संस्थांना द्यायचं ठरवलं. योजनेचं नाव 'थ्री वॉटर्स'. मालकी तुमचीच, असं सांगून परिषदांना ५० हजार लोकसंख्येमागे एक शेअर देऊ केला, पण कारभारातला शब्द मात्र त्यांच्या हातून जाणार होता. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला. गावोगावच्या परिषदा विरोधात उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये सरकारने चारच्या दहा संस्था करून पाहिल्या, तरी राग शमला नाही. त्याच वर्षी सत्ता बदलली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदाच रद्द झाला.

घोडबंदरवाला
नेरुळकर साहेब, तुमच्याकडे धरण आहे, म्हणून तुम्हाला हे बोलता येतं. ठाण्याचं काय? आमच्या शहराला रोज ५८५ दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येतं ते चार ठिकाणांहून: पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही स्थानिक संस्थांची पाणी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. एकाचा शटडाऊन संपतो तोवर दुसऱ्याची जलवाहिनी फुटते. कळवा, मुंब्रा, दिवा एकावर अवलंबून, आमचा पट्टा दुसऱ्यावर. माझ्या सोसायटीत उन्हाळ्यात दिवसाआड टँकर येतो आणि त्याचं बिल पाणीपट्टीच्या कितीतरी पट होतं. सातव्या मजल्यावर बादल्या चढवणाऱ्या आजींना धरणाची मालकी सांगून काय उपयोग?

आणि न्यूझीलंडची अर्धीच गोष्ट सांगितलीत. हे सगळं सुरू कशावरून झालं? ऑगस्ट २०१६ मध्ये हॅवलॉक नॉर्थ नावाच्या छोट्या शहरात पावसाने मेंढ्यांची विष्ठा पिण्याच्या पाण्याच्या बोअरमध्ये गेली. पाण्यात क्लोरीन नव्हतं. पाच हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, काही दगावली. लहान परिषदांना पाणी सांभाळणं झेपत नाही, हे त्यातून दिसलं.

नगरसेवकाचं म्हणाल, तर नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक बसला, तो वर्षानुवर्षं. तेव्हा तुम्ही कोणाच्या दारात गेलात?

नेरुळकर
प्रशासकाचा मुद्दा खरा आहे. ती वर्षं वाईटच गेली. वॉर्डातल्या तक्रारीवर सही करायलाही कोणी नव्हतं. पण तेच कायमचं करून घ्यायचं का? प्राधिकरण म्हणजे कधीच निवडणूक नसलेला प्रशासक.

बंगळुरूचं उदाहरण बघा. तिथे १९६४ पासून एकच जलमंडळ आहे. २००७ मध्ये शहराच्या कडेची ११० गावं महापालिकेत आली. त्यांच्यासाठीचा कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. सतरा वर्षं! तोवर ती माणसं बोअर आणि टँकरवर जगली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरही आटले. मंडळ एकच होतं, तरी कडेचा माणूस कडेलाच राहिला. तुमच्या दिवा भागाचं वेगळं काय होईल, सांगा.

पाड्यावरची लेक
मी ठाण्यात राहते, माहेर शहापूर तालुक्यातलं. तुमचं दोघांचं वाचून गप्प बसवेना.

आमच्या तालुक्यात तानसा आहे, १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. भातसा आहे, ज्याच्या पाण्यावर मुंबई आणि ठाणे दोन्ही जगतात. आणि मार्च लागला की आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. माझी आई अजून रात्री उठून विहिरीवर नंबर लावते, कारण झरा हळूहळू भरतो. धरणं उशाशी असून शहापूरच्या गावपाड्यांसाठी योजना आखावी लागली ती इगतपुरीच्या भावली धरणावरून.

दादा, 'आमचं धरण, आमचं पाणी' म्हणता, तेव्हा खालापूरकरांनी काय म्हणायचं? आणि घोडबंदरच्या दादांना सांगते, तुमच्या प्राधिकरणात शहरं मोठी, मतं शहरांची, पैसा शहरांचा. तिथे आमच्या ग्रामपंचायतीची खुर्ची कुठे असणार?

निवृत्त अभियंता, कोपरी
दोन गोष्टींची गल्लत होतेय. नदीतलं, धरणातलं घाऊक पाणी कोणाला किती हे तसंही राज्यच ठरवतं. त्याचे दर ठरवायला २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. शहरातलं वाटप ही वेगळी गोष्ट. कुठला वॉल्व्ह किती फेरे उघडला की टेकडीवरच्या चाळीला पाणी चढतं, हे तिथल्या वॉल्व्हमनला ठाऊक असतं, नकाशाला नाही.

स्टेम कंपनी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची आहे. उल्हास नदीतून उचललेलं पाणी ती शहराच्या वेशीपर्यंत पोचवते, वाटप ज्याचं त्याने करायचं. मालक स्थानिकच. अशी भागीदारी वाढवता येते, त्यासाठी कोणाचा हक्क काढून घ्यावा लागत नाही.

घोडबंदरवाला
साहेब, स्टेमचे मालक आम्हीच आहोत, तरी शटडाऊनचा संदेश आला की आमच्याकडे पिंपं भरायची धावपळ असतेच. भागीदारीत चूक कोणाची हे ठरवण्यातच आठवडा जातो. मला एक जबाबदार संस्था हवी. मत बदललेलं नाही.

नेरुळकर
ताई, तुमच्या आईचं वाचून उत्तर लिहायला दोन तास लागले. 'आमचं धरण' हे मी फारच सहज लिहिलं. पैसा आम्ही दिला, जमीन खालापूरकरांची गेली.

तरी प्राधिकरणाला माझा विरोध कायम आहे, तुम्ही विचारलेल्या खुर्चीमुळे तर जास्तच. न्यूझीलंडने संस्था मोडल्या, पण पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणारा नियामक, तौमाता आरोवाई, ठेवला. हॅवलॉक नॉर्थला उत्तर ते आहे. तपासणी वरून कडक करा, चावी खाली राहू द्या. आणि कामोठे-खारघरला मोरब्याचं पाणी जातं, तसा धरणाखालच्या आणि जलवाहिनीकाठच्या गावांचा वाटा लेखी ठरवून द्या, त्या गावांचे प्रतिनिधी समोर बसवून.

पुढच्या सभेत मी हा दुसरा मुद्दा आधी मांडणार आहे. ताई, तुमच्या पाड्यावर किती घरं आहेत आणि टँकर किती दिवसांनी येतो, तेवढं लिहून द्याल का?

पाड्यावरची लेक
उद्या भावाला विचारून लिहिते.