एसएचएम-सीडी: स्वतंत्र लेख की एक परिच्छेद?

एसएचएम-सीडी या ऑडिओ सीडीच्या प्रकारावर विकीत स्वतंत्र लेख ठेवावा का, अशी चर्चा चालू आहे. त्यात ‘या फॉरमॅटमध्ये इतके अल्बम निघाले, म्हणजे लेख हवाच’ असा मुद्दा कुणीतरी मांडलाय, तो मला पटत नाही. अल्बमची यादी म्हणजे कॅटलॉग. त्या फॉरमॅटबद्दल बाहेरच्या कुणी सविस्तर लिहिलंय का, हे बघायचं. उत्पादकाचं प्रसिद्धिपत्रक दहा ठिकाणी छापून आलं तरी स्रोत एकच.

ड्युअलडिस्कचं उदाहरण घ्या. एका बाजूला सीडी, दुसरीकडे डीव्हीडी. एकूण जाडी नेहमीच्या १.२ मिमीऐवजी सुमारे १.५ मिमी, पण सीडीच्या बाजूचा थर हवा त्यापेक्षा पातळ, त्यामुळे रेड बुक या ऑडिओ सीडीच्या तांत्रिक मानकात बसेना, सीडीचा लोगो लावता येईना आणि काही प्लेअरमध्ये चालेना. फॉरमॅट आपटला, पण लिहायला मजकूर भरपूर!

एसएचएम-सीडीत (जपान) काय वेगळं? डिस्कचं प्लास्टिक (पॉलिकार्बोनेट) जास्त पारदर्शक. डेटा नेहमीच्या सीडीसारखाच, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, आणि चालते कुठल्याही सीडी प्लेअरवर. आवाज सुधारतो हा दावा उत्पादकांचा. तो स्वतंत्रपणे कुणी तपासला असेल तर लेखाला खरा आधार मिळेल. (माझ्या कानांना फरक कळला नाही, पण माझे कान म्हणजे संदर्भ नव्हे.)

तोवर कॉम्पॅक्ट डिस्कच्या लेखात एक परिच्छेद आणि तिकडे पुनर्निर्देशन करा (म्हणजे एसएचएम-सीडी शोधणारा थेट तिथे पोचेल). आताचा मजकूर उडवू नका, पानाच्या संपादन-इतिहासात राहू द्या.