कुत्रा चावला, मालक कागदावर सही मागतोय. मदत हवी आहे (तातडीने)

रेवाची_आई
परवा संध्याकाळी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला कुत्रा चावला. पोटरीत चार दात रुतलेत, एका जागी मांस दिसतंय. मालक खर्च देतो म्हणतात, पण आधी एका कागदावर सही करा म्हणे. करू का? केस होते का? उद्या सकाळीच येणार आहेत ते.

गल्लीबोळ
कुत्रा भटका की पाळीव? भटका असेल तर पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10,000 रुपये ठरवलेत.

रेवाची_आई
अहो, मालक म्हटलंय ना वर!

जुनं_खोड
आम्हाला लहानपणी दोनदा चावला. चुना लावला, दुसऱ्या दिवशी शाळेत. हल्ली उठसूट कोर्ट.

परिचारिका७
खोडसाहेब, कृपा करून असलं लिहू नका. ताई, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती का? मांस दिसतंय म्हणजे तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीची जखम. रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. लस 0 (पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14, 28 या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण म्हणून लस थांबवायची नाही.

रेवाची_आई
ते सगळं त्याच रात्री झालं. मी कागदाचं विचारतेय.

अर्धा_वकील
सही अजिबात नको. कागदात नेमकं काय लिहिलंय? कुत्रा बांधलेला होता का? चावला कुठे?

रेवाची_आई
"माझी कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही" असं आहे. चावला आमच्याच जिन्यात. साखळी होती, पण कठड्याला नुसती अडकवलेली, रेवा चप्पल घालायला वाकली आणि ती सुटली. मागे पेपर टाकणाऱ्या मुलालाही धरलं होतं त्याने. मालक म्हणजे आमचे घरमालकच, वर राहतात. करार मार्चमध्ये संपतोय.

गल्लीबोळ
हे आधी सांगायचं ना ताई!

अर्धा_वकील
पेपरवाल्या मुलाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, त्याला गाठा. कुत्रा चावू शकतो हे माहीत असून नीट बांधला नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागतं (1 जुलै 2024 पूर्वी भादंवि 289). सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडातून तुमच्या हाती फारसं लागत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा, रेवातर्फे अ.पा.क. (अज्ञान, म्हणजे अठराखालील मुलीची पालनकर्ती) म्हणून तुम्ही. मूल अज्ञान असल्याने मुदत ती अठराची झाल्यावर मोजतात, पण पुरावा तोवर थांबत नाही. साखळीचा, कठड्याचा, फाटलेल्या कपड्यांचा फोटो आजच काढा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मध्यममार्गी
दिवाणी दावा? नातवंडं होतील तोवर. त्यात घरमालक. खर्च घ्या, पावती द्या, विषय संपवा. छप्पर जास्त महत्त्वाचं.

अर्धा_वकील
खर्च घ्यायला कोण नको म्हणतंय? "औषधोपचारासाठी अमुक रक्कम मिळाली" एवढंच लिहून द्यायचं. "तक्रार नाही" हे वाक्य आलं की पेन खाली.

श्वानसखी
सगळे मुक्या जिवामागे लागलेत. मुलीने शेपटी ओढली का, कोणी विचारलं?

परिचारिका७
सहा वर्षांची आहे हो ती. चप्पल घालत होती.

गल्लीबोळ
22 ऑगस्ट 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाबद्दल कोणाला काय वाटतं?

अर्धा_वकील
तो भटक्यांबद्दल आहे. वेगळा धागा काढा.

रेवाची_आई
सकाळी आले होते. सही केली नाही. तरतरा जिना चढून गेले, वरून दार आपटल्याचा आवाज आला. रेवाच्या बाबांचं म्हणणं मार्चपर्यंत गप्प बसू. मी दुपारी पोलीस ठाण्यात जातेय. पण दवाखान्याच्या कागदावर नुसतं "कुत्रा चावला" आहे, कोणाचा ते नाही. चालेल?

अर्धा_वकील
"आईने सांगितल्यानुसार घरमालकाचा पाळीव कुत्रा" अशी नोंद करून मागा. ठाण्यात जायच्या आधी.

जुनं_खोड
जात कोणती कुत्र्याची?