कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीतल्या कामगारांचे फोटो काढालोय, सल्ला पाहिजे

मोल्डरचा_पोरगा: मंडळी, वडील ज्या फौंड्रीत मोल्डर (वाळूचे साचे भरणारे) होते ती आता बंद व्हायच्या बेतात आहे, आधी दोन पाळ्या चालायच्या, आता सात माणसं उरलीत आणि ओतकाम फक्त शनिवारी. कुलूप लागायच्या आत सगळ्यांचे फोटो काढून ठेवायचेत. पण शेडमध्ये अंधार, लेडलमधला (ओतायच्या भांड्यातला) लोखंडाचा रस फोटोत पांढराफेक येतोय आणि माणसाचं तोंड काळं. आणि कॅमेरा काढला की मामा लोक हात धुऊन, शर्ट बदलून ताठ उभे राहतात. मला काळ्या वाळूनं भरलेले हात पाहिजेत. काय करू?

कागलकर: भावा, ओतताना फ्लॅश अजिबात मारू नको, माणूस दचकला तर हातात १४०० डिग्रीच्या आसपासचं लोखंड असतंय!! मॅन्युअलवर टाक, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढ. रस थेट फ्रेममध्ये घेऊ नको, लेडलच्या आड जाईल असा बाजूला उभा रहा, मग त्याचाच उजेड तोंडावर पडतोय, तो धर. आणि शेडमध्ये लेन्स बदलू नको, वाळूची धूळ आत गेली की सेन्सरचं काम झालं.

कोटीतीर्थ_काठ: दादा, शर्ट बदलू देत की. आमचे आजोबा शाहू मिलमध्ये होते, शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली, २००३ ला बंद पडली. एवढी वर्षं कापड विणलं पण त्यांचा कामावरचा फोटो एकच, गेटपासवरचा, त्यातही निम्म्या गालावर शिक्क्याची शाई. ते गेल्यावर तोच मोठा करून फ्रेम केली तर डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. आजी म्हणायची, हे कोण माणूस लावलंय भिंतीला. म्हणून सांगते, आधी त्यांना पाहिजे तसा काढ, प्रिंट घरी नेऊन दे, मग तुझे हात.

शिरोलीवाला: बरोबर बोलल्या ताई. अजून एक, नेटवर टाकायच्या आधी प्रत्येकाला विचार. त्यातलं कोण शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम शोधत असेल, त्याच्या फोटोखाली 'शेवटचा कामगार' लिहू नको. आणि लाकडी पॅटर्नचे (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्यांचे) पण काढ, माणसांच्या आधी तेच जळणात जातात.

मोल्डरचा_पोरगा: ताई, आज तसंच केलं. एका मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावला आणि पॅटर्नच्या रॅकपुढं उभे राहिले. काढून झाल्यावर स्वतःच म्हणाले, आता थांब, साचा भरतो, तो पण घे. दोन्ही प्रिंटला दिलेत, शनिवारी ओतकामाच्या आधी देतो.