ब्लॅकमार-डिमर गॅम्बिट : समोरचा प्यादे घेतच नसेल तर?

गोदाकाठ :
नाशिकमधील रविवारच्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांत मी तीन वर्षे पांढऱ्याकडून हे गॅम्बिट, म्हणजे हल्ल्यासाठी प्यादे देऊ करणारी सुरुवात, खेळतो (नुसते घर लिहिले की ती प्याद्याची चाल) : माझे डी४, काळ्याचे डी५, मग माझे ई४, आणि काळ्याने प्यादे मारले की घोडा सी३ व पुढे एफ३. ते निर्दोष नाही हे मान्य आहे, परंतु त्यातला हल्ला मला मनापासून आवडतो. अलीकडे मात्र निम्मे प्रतिस्पर्धी दुसऱ्याच चालीला ई६ किंवा सी६ खेळतात आणि माझी सारी तयारी वहीतच राहते. परवा ई६ नंतर मी उंट ई३ खेळून पुन्हा प्यादे देऊ केले आणि हरलो. काय करावे?

पंचवटीचा उंट :
ई६ने फ्रेंच बचाव होतो, सी६ने कॅरो-कान. प्यादे घेऊन पाचव्या चालीला सी६ खेळणारा जाणकार ते प्यादे पचवतो. नाकारणाऱ्यासमोर मात्र तुमची आठही प्यादी शाबूत असतात आणि पटाचा मध्यभाग तुमच्याकडे असतो, म्हणून उंट ई३ खेळून ते पुन्हा देण्याचे मला कारण दिसत नाही. फ्रेंचमध्ये घोडा सी३ खेळा. काळ्याने घोडा एफ६ खेळल्यास ई५ आणि एफ४ करून जागा मिळवा. कॅरो-कानविरुद्ध तिसरी चाल एफ३ तुमच्या स्वभावाची आहे, कारण ई४वर मारामारी झाल्यास एफच्या प्याद्याने परत मारता येते आणि एफची पट्टी मोकळी होते. त्यानंतर काळ्याने ई५ केल्यास घोडा एफ३ खेळा. ई५चे प्यादे मारलेत, तर वजीर एच४चा शह बसून डाव हातचा जाईल.

सातपूरकर :
प्यादे मारूनही काळा ते परत देऊ शकतो, हे विसरू नका. ज्यांच्या नावाने हे गॅम्बिट ओळखले जाते त्या दोघांपैकी ब्लॅकमार तिसऱ्या चालीलाच एफ३ खेळत असे, त्याला ई५ हे उत्तर भारी पडते. म्हणून डिमरने आधी घोडा काढला. तरीही घोडा सी३ नंतर काळा ई५ खेळू शकतोच. तेव्हा डीच्या प्याद्याने मारल्यास वजिरावजिरी (दोन्ही वजिरांची मारामारी) होऊन डाव समान राहतो, आणि वजिराविना खेळण्याचा सराव तुम्हाला करावाच लागेल. चौथ्या चालीला काळ्याने प्यादे ई३वर ढकलले, तर ते उंटाने घ्या.

गोदाकाठ :
आभारी आहे. कॅरो-कानमध्ये माझ्या एफ३ला काळ्याने मारामारी न करता ई६ने उत्तर दिले तर?

पंचवटीचा उंट :
घोडा सी३. बहुतेक जण त्यावर उंट बी४ खेळतात. तेव्हा उंट एफ४ आणि पुढे वजीर डी३ खेळावा.