मदत हवी आहे: बर्फाळ उतारावर रिकामा ट्रेलर कसा उतरवायचा?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ यंदा पहिल्यांदाच हिवाळ्यात ट्रेलर चालवणार आहे. जीव टांगणीला लागलाय, म्हणून अनुभवी चालकांना विचारतोय.

पूल आधी गोठतो, कारण त्याला वरून-खालून गार वारा लागतो, हे त्याला ठाऊक आहे. खरा प्रश्न उताराचा. कोरड्या रस्त्यावर इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच रोधाने गाडीचा वेग कमी करणारी यंत्रणा) म्हणजे मोठा आधार. पण बर्फावर तो फक्त ओढणाऱ्या चाकांना धरतो, ती घसरली की मागून ट्रेलर रेटतो आणि गाडी मधूनच दुमडते. त्यात गाडी रिकामी, म्हणजे चाकांवर वजन नाही, पकड आणखी कमी. मग इंजिन ब्रेक बंद ठेवून, माथ्यावरच खालचा गिअर टाकून, पायाने हलका ब्रेक मारत उतरायचं का? गाडी दुमडायला लागलीच तर ब्रेक सोडा म्हणतात. प्रत्यक्षात तेवढा वेळ मिळतो?

बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या ओढणाऱ्या चाकांना लावणारच, पण ट्रेलरच्या चाकांनाही लावता का? थोडं अंतर गेल्यावर थांबून त्या पुन्हा ताणायच्या, एवढं माहीत आहे.

‘हळू चालव’ सगळेच सांगतात. हातापायांनी नेमकं काय करायचं, ते कृपया सविस्तर लिहा.