मदत हवी आहे: ‘मिंटी’ या विशेषणाला मराठी शब्द

खडीसाखर: ‘मिंटी’ या शब्दाला मराठीत सुटसुटीत विशेषण हवे आहे. कोशांत ‘पुदिन्यासारखा’ एवढेच मिळते आणि ते मला चालणार नाही. मजकूर उद्या छपाईला जायचा आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

वाटसरू: कशाचे विशेषण, ते लिहिलेच नाहीत. चहा ‘मिंटी’ असतो, श्वास असतो आणि पोपटी-निळसर छटेचा कुर्ताही असतो. तिन्हींना एकच शब्द पुरणार नाही.

जुनाबाजार: ‘पेपरमिंटी’ लिहा. पेपरमिंटच्या गोळ्या चघळत वाढलेल्या पिढीला याहून अधिक काही समजावून सांगावे लागत नाही.

अर्कशाळा: असहमत. पेपरमिंटमध्ये मेंथॉल भरपूर असते आणि ते जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते, म्हणून तोंडाचे तापमान न उतरताही गार वाटते. स्पिअरमिंटमध्ये मुख्यतः कार्व्होन असते. त्याला गोडसर वास असतो, पण तसा गारवा नसतो. इंग्रजी शब्द या दोन्हींना झाकून घेतो, मराठीत मात्र आधी निवड करावी लागेल.

खडीसाखर: टूथपेस्टच्या वेष्टनासाठी हवा आहे. मी ‘थंडगार’ लिहून मोकळा होणार होतो.

अर्कशाळा: घटकांत मेंथॉल आहे का?

खडीसाखर: नाही, स्पिअरमिंट तेल आहे. पण मी शब्द विचारला आहे, रसायनशास्त्र नव्हे.

अर्कशाळा: मग ‘थंडगार’ लिहू नका, कारण ग्राहकाला तो गारवा जाणवणार नाही. आपल्या मंडईत जुडीने मिळणारा पुदिना बहुधा स्पिअरमिंटच्याच जातीचा असतो, त्यामुळे तुम्ही नाकारलेला ‘पुदिना’ इथे सर्वांत अचूक आहे.

जुनाबाजार: अचूक असेल, पण ‘पुदिना’ म्हटले की पाणीपुरीचे हिरवे पाणी आणि चटणी आठवते. सकाळी उठून चटणीने दात घासावेत, असे कोणाला वाटेल?

गवतीचहा: पेपरमिंटचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर सारख्या प्रमाणात बाटलीत एकत्र ठेवले की तिन्ही स्फटिक आपोआप विरघळून अमृतधारा तयार होते. प्रवासात ही बाटली जवळ असावी.

वाटसरू: उपयुक्त माहिती आहे, परंतु ती कोणी विचारली नव्हती. मूळ प्रश्नाबाबत माझे मत असे, की एकाच विशेषणाचा आग्रह सोडून ‘पुदिन्याच्या ताज्या स्वादाची’ असे लिहावे. ‘ताज्या’ या शब्दाने चटणी बरीचशी मागे पडते आणि गारव्याचे खोटे आश्वासनही दिले जात नाही.

खडीसाखर: जागा कमी आहे. ‘पुदिनायुक्त’ चालेल का?

वाटसरू: ‘युक्त’ म्हटल्यावर त्यात पुदिना आहे असा अर्थ होतो, ‘स्वादाची’ म्हटल्यावर तसा होत नाही. ते स्पिअरमिंट तेल वनस्पतीपासून काढलेले आहे की कृत्रिम स्वाद आहे, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.