सव्वासात फूट पाणी

बी-२०३: कुणाला सहावीचं गणित येतं का? घरी रडारड चालू आहे. "टाकीत ७ १/४ फूट पाणी होते. ३ २/३ फूट वापरले. किती उरले?" पोराने ४ ५/१२ लिहिलंय. छेद १२ तर बरोबर आहे, मग चूक कुठे? वहीत नुसती फुली.

ए-५०१: टाकीत सव्वासात फूट 😂 कुठली सोसायटी ही? तिथे फ्लॅट रिकामा आहे का?

सी-१०४: ७.२५ − ३.६७ = ३.५८. संपला विषय.

सेक्रेटरी: टोमणे नकोत. टँकर सांगितलाय.

ए-५०१: टोमणा कसला साहेब, गणितावर बोलतोय.

बी-४०२ काकू: अगं, समच्छेद केल्यावर ३/१२ आणि ८/१२ झाले. तीनातून आठ जाईनात, म्हणून त्याने आठातून तीन काढले. बरीच मुलं हेच करतात. सातातला एक मोडायचा, नोटेचे सुट्टे करतो तसा. मग ६ १५/१२ वजा ३ ८/१२. उत्तर ३ ७/१२.

बी-२०३: काकू, आता तो हातचा दहाचा घेतोय. तेरातून आठ गेले पाच, म्हणून ३ ५/१२ म्हणतो 🤦

बी-४०२ काकू: दहा कशाला? छेद बारा, तर एकाचे बाराच तुकडे. छेद पाच असता तर पाच.

सी-१०४: ३.५८. वर दिलंय.

बी-४०२ काकू: भाऊ, २/३ चे दशांश संपत नाहीत. तुमचं उत्तर जवळपासचं आहे, शाळेत चालणार नाही.

डी-३०१ नाना: जन्म साइटवर गेला. फूट दिलेत ना, मग इंच करा. सव्वासात म्हणजे ७ फूट ३ इंच. ३ २/३ म्हणजे ३ फूट ८ इंच. एक फूट मोडला की १५ इंच. त्यातून ८ गेले, ७. उरलं ३ फूट ७ इंच. बाराचा छेद म्हणजे इंचच की! पोराच्या हातात टेप द्या.

बी-२०३: नाना 🙏🙏 टेपवर लगेच पटलं त्याला.

ए-५०१: नुसता अंदाज घेतला तरी कळतं. सव्वासातातून साडेतीन गेले तरी पावणेचार उरतात. इथे त्याहून जास्त वापरलंय, मग चारच्या वर उरेल कसं? शिक्षकांनी एवढं लिहायला काय हरकत होती?

बी-३०३: वर्गभर वह्या तपासून बघा एकदा, मग बोला.

ए-५०१: ताई, तुमच्या शाळेबद्दल नव्हतं.

बी-३०३: हो, कळलं कुणाबद्दल होतं ते.

सी-१०४: ३.५८ 👆

डी-३०१ नाना: टेपवर दाखवा बरं ३.५८!

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून. आज पाणी संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात.

बी-४०२ काकू: म्हणजे सव्वा तास. मीटिंगमध्ये दीड ठरला होता. पाव तास कुठे गेला?

सेक्रेटरी: काकू, पर्सनलवर बोलू.

ए-५०१: पर्सनलवर कशाला? समच्छेद करून इथेच सांगा 😂